तुळशीने दुपारी मान टाकली म्हणून घाबरू नका



वैशाख अर्ध्यावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. थंडीत तुम्ही कौतुकाने लिहिता, शेवंतीला किती कळ्या आल्या, गुलाबाचा रंग कसा खुलला. आता मात्र प्रत्येक पाकिटातून एकच तक्रार बाहेर पडते : झाडं करपली, काय करू?

या आठवड्यातलं एक पत्र मी दोनदा वाचलं. यवतमाळकडच्या एका मैत्रिणीने लिहिलंय, ‘ताई, लग्न होऊन आले तेव्हापासून दारची तुळस माझ्याकडेच आहे. महिना झाला, रोज दुपारी ती मान टाकते. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ तांब्याभर पाणी घालते, तरी पानं गळतच चाललीत. सासूबाई म्हणतात, दारची तुळस वाळणं घराला बरं नव्हे, तुझं लक्षच नाही. ताई, मी आणखी काय करू?’

या मैत्रिणीला मी सगळ्यांच्या देखत सांगते : बाई गं, तुझं लक्ष नाही असं मुळीच नाही. असलंच तर ते जरा जास्तच आहे. कसं, ते समजायचं तर झाड ऊन कसं सोसतं हे आधी बघायला हवं.

पान म्हणजे माठच

आपल्याला ऊन लागलं तर आपण सावलीत जातो, पंखा लावतो, पन्हं पितो. झाडाचे पाय जमिनीत रोवलेले. त्याला उठून कुठे जाता येत नाही, म्हणून त्याने उन्हाची सगळी तजवीज स्वतःच्या अंगातच करून ठेवली आहे.

पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक तोंडं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. बहुतेक झाडांत ती पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात. या तोंडांतून झाड हवा आत घेतं, त्या हवेपासून आणि पाण्यापासून उन्हाच्या मदतीने आपलं अन्न तयार करतं. पण तोंड उघडलं की आतलं पाणीही वाफ होऊन बाहेर जातं. मुळांनी ओढलेल्या पाण्याच्या शंभर भागांतले पंच्याण्णवहून अधिक भाग असे हवेतच जातात.

तुम्हाला ही उधळपट्टी वाटेल. पण आपला मातीचा माठ काय करतो? पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार राहतं. पानाचंही तेच. मुळाशी ओल असेल तर भर उन्हातही पान भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार राहू शकतं. दुपारी झाडाखालची सावली भिंतीच्या सावलीपेक्षा सुखाची वाटते, त्याला हेही एक कारण आहे. आणि मुंबई-कोकणात दमट हवेत माठ जसा विदर्भातल्यासारखा गार होत नाही, तसं तिकडच्या झाडांनाही अंग गार करणं जड जातं.

खरी अडचण येते ती पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा. विदर्भातल्या मैत्रिणींना हे सांगायला नको. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान होतं. अशा दिवशी पानातून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मुळं ते वर पोचवू शकत नाहीत, माती ओली असली तरीही. मग झाड आपली तोंडं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण अंग गार होणं थांबतं आणि अन्न शिजणंही थांबतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत!

आणि मिळकत थांबली म्हणून खर्च थांबत नाही, हे तुम्हाआम्हाला सांगायला कोण हवं? झाडाचा श्वासोच्छ्वास चालूच असतो, गरम हवेत तर तो वाढतो. साठवलेल्यातलं खाऊन झाड दिवस काढतं. रात्रही तापलेली असली तर साठा आणखी लवकर आटतो. म्हणून मे महिन्यात झाडं वाढत नाहीत. ती नुसती तग धरतात, आणि तेवढं केलं तरी पुष्कळ.

मान टाकणं म्हणजे मरणं नव्हे

आता तुळशीच्या मानेकडे येऊ. पानातल्या पेशी पाण्याने भरलेल्या असल्या की पान ताठ उभं राहतं. पाणी कमी पडलं की ते सैल पडून लोंबतं. पण लोंबण्यात झाडाचा फायदाही असतो. आडवं पसरलेलं पान माथ्यावरचं ऊन पुरेपूर झेलतं, खाली लोंबलेल्या पानावर ते तिरकं पडतं. ज्वारी-मक्याची पानं दुपारी सुरळीसारखी गुंडाळलेली तुम्ही शेतात पाहिली असतील. तिथेही उद्देश हाच : उन्हापुढे अंग कमी उघडं टाकायचं.

मग तहान कुठली आणि दुपारची वामकुक्षी कुठली, हे ओळखायचं कसं? अगदी सोपं आहे. दुपारी बघू नका, दिवेलागणीला बघा. ऊन उतरल्यावर पान आपोआप ताठ झालं तर झाड ठीक आहे. दिवेलागणीलाही मान खालीच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. रात्रभर विसावा मिळूनही सकाळी झाड मलूल दिसलं, तर मात्र त्याला काहीतरी दुखतंय. तेव्हा मातीत बोटाची दोन पेरं खुपसून बघा. माती कोरडी लागली तर तहान आहे, पोटभर पाणी द्या. आणि माती ओली, चिकट लागली तर? तर मुळं कुजताहेत, पाणी बंद करा.

कारण मुळांनाही हवा लागते. सतत चिखलात राहिलेली मुळं गुदमरून सडतात. सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वर पानं सुकतात. आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी पाणी ओततो. पाण्यात उभं राहून झाड तहानेने मरतं!

हा धडा मी स्वतः एक मोगरा घालवून शिकले. नव्याने अकोल्याला बिऱ्हाड केलं होतं. माहेरून आणलेला मोगरा, त्यामुळे जीव सगळा त्यात. पहिल्याच उन्हाळ्यात तो दुपारी कोमेजायला लागला. मी भर बाराला, दोनला, चारला पाणी घालायची. पंधरा दिवसांत तो वाळून कोळ झाला. शेजारच्या आजी रोज बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, ‘बाई, झाड दुपारी झोपते, तुम्ही त्याले उठवून उठवून पाणी पाजता!’ कुंडी उपडी केली, तर मुळं काळी पडलेली आणि मातीला कुबट वास. माहेरचं झाड मी मायेनेच मारलं होतं.

ज्याची त्याची तऱ्हा

आजींचं बोलणं ऐकल्यापासून मी उन्हाळ्यात झाडांकडे जरा डोळे उघडून बघायला लागले. प्रत्येकाची उन्हाची तऱ्हा वेगळी.

पळस आणि साग सरळ पानंच टाकून देतात. पान नाही म्हणजे पाणी उडायला जागाच नाही. निष्पर्ण पळस फाल्गुनात फुलतो, सागाला मात्र नवी पानं फुटायला पाऊसच यावा लागतो. कडुलिंबाचं उलट. गुढीपाडव्याला आपण त्याची कोवळी पालवी खातो, म्हणजे ऊन तापायला लागतं तेव्हा हा नवी वस्त्रं नेसतो! मुळं खोल गेलेली, म्हणून त्याला ते परवडतं. चिंच, बाभूळ, गुलमोहर यांनी पानाचे बारीक बारीक तुकडे केलेत. लहान पानावरची उष्णता वाऱ्याच्या झुळकीबरोबर लवकर निघून जाते. मारुतीला वाहतो त्या रुईच्या पानावर पांढुरकी, मेणचट भुकटी असते, ती आतलं पाणी धरून ठेवते. रस्त्याकडेला सगळं वाळलेलं असताना रुई फुललेली दिसते ती उगाच नाही.

सगळ्यांत हुशार म्हणाल तर कोरफड, निवडुंग आणि पानफुटी. ही मंडळी दिवसा तोंड उघडतच नाहीत. रात्री हवा गार झाली की रंध्रं उघडायची, हवा आत घ्यायची, आणि आंबट आम्लाच्या रूपाने साठवून ठेवायची. सकाळ झाली की दारं बंद, आणि रात्रीच्या साठ्यावर दिवसभर अन्न करायचं. आपण रात्री विरजण लावून निजतो तसंच काहीसं. गंमत म्हणजे याचा सुगावा लागला तो आपल्याच देशात. बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ इथे काम करत होते. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत आंबटपणा निघून जातो, असं त्यांनी १८१३ साली पत्राने कळवलं होतं. (तुम्ही मात्र चव बघण्याच्या फंदात पडू नका. पानफुटी पोटात जास्त गेली तर बाधते.) म्हणूनच कोरफडीला रोज पाणी लागत नाही, आणि उन्हाळ्यातही जास्त पाण्यानेच ती कुजते.

झाडाला ऊन सवयीने सोसतं

आणखी एक गोष्ट, आणि ही फार उपयोगाची. उष्णतेने जिवंत पेशींतली प्रथिनं बिघडतात. अंड्यातला पांढरा भाग उकडला की घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही, तसाच काहीसा हा बिघाड. तो होऊ नये म्हणून झाड एक खास प्रकारची प्रथिनं तयार करतं. ती इतर प्रथिनांना सांभाळून धरतात, विस्कटू देत नाहीत.

यांचा शोध योगायोगाने लागला. इटलीतले फेरुचिओ रितोसा फळमाशीवर काम करत होते. कोणा सहकाऱ्याने त्यांच्या उबवणीपेटीचं तापमान चुकून वाढवून ठेवलं. पेशींमध्ये काहीतरी नवीनच घडताना रितोसांना दिसलं आणि १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढे कळलं की ही व्यवस्था माणसापासून झाडापर्यंत सगळ्यांतच आहे.

आपल्या कामाची गोष्ट अशी की, आधी थोडं ऊन लागलेलं झाड पुढचं कडक ऊन सोसतं, कारण तोवर त्याची तयारी झालेली असते. रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखालून आणलेलं रोप आपण थेट गच्चीच्या उन्हात ठेवतो आणि दोन दिवसांत ते भाजतं. मग आपण रोपवाल्याला नावं ठेवतो! नवं रोप आधी सावलीत ठेवावं, मग फक्त सकाळचं कोवळं ऊन द्यावं, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू ऊन वाढवावं. नवी सून घरात रुळायला वेळ घेते, रोपालाही तेवढा वेळ द्या.

उन्हाळ्यात एवढं करा

झाड आपल्या परीने सगळं करत असतं. आपण फक्त त्याच्या आड येऊ नये आणि थोडा हातभार लावावा.

पाणी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत घाला. फारच कडक उन्हाळा असेल तर संध्याकाळी पुन्हा, पण बोटाने माती पाहूनच. घालाल तेव्हा कुंडीच्या तळातून थेंब गळेपर्यंत घाला. वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळंही वरवरच राहतात आणि तीच आधी भाजतात. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डासांची सोय होते ती वेगळीच.

गच्चीवरच्या टाकीचं आणि रबरी नळीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देईल इतकं गरम असतं. पहिलं पाणी बादलीत काढा, निवलं की वापरा.

माती उघडी ठेवू नका. वाळका पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, शेंगदाण्याची टरफलं, जे असेल ते दोन बोटं जाडीचं पसरा. मात्र खोडाला चिकटू देऊ नका.

कुंडी मातीचीच बरी. तीही माठासारखी पाझरून गार राहते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. तशी कुंडी असलीच तर तिला ओलं गोणपाट गुंडाळा किंवा दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवा. कुंड्या एकमेकींजवळ ठेवल्या की एकीची सावली दुसरीला मिळते.

दुपारी बारा ते चार आडोसा हवा. हिरवी जाळी नसेल तर जुनं फिकट रंगाचं सुती पातळ दोरीवर टाका. झाडाला गुंडाळू नका, वरून वीतभर अंतर ठेवा, वारा खेळला पाहिजे.

खत नको, छाटणी नको, कुंडी बदलणं नको. अन्न शिजतच नाही तिथे खत घालून काय उपयोग? उलट त्यातल्या क्षारांनी मुळं भाजतात. ही कामं पावसाच्या तोंडावर करा.

टोमॅटो-मिरचीची फुलं गळाली तर मनाला लावून घेऊ नका. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फळ धरत नाही. आहेत ती फळंही लाल न होता पिवळट राहतात, कारण लाल रंग तयार व्हायला ३० अंशांच्या आतली हवा लागते. फळं थोडी रंगावर आली की तोडून घरात गार जागी ठेवा, तिथे पिकतील.

चार दिवस गावाला जायचं असेल तर संक्रांतीची सुगडं बाहेर काढा. सुगड गळ्यापर्यंत कुंडीतल्या मातीत पुरा, पाण्याने भरा, वर करवंटी झाका. माती कोरडी पडेल तसतसं पाणी पाझरतं, ओली असेल तर थांबतं. लहान कुंडीला दोन-तीन दिवस तरी आधार होतो. सुगड रंगवलेलं किंवा तेलकट झालेलं नको, पाझरणार नाही.

आणि आता त्या तुळशीबद्दल

यवतमाळच्या मैत्रिणीला आता एवढं सांगते. दुपारचा आणि संध्याकाळचा तांब्या आधी बंद कर. वृंदावनाच्या तळाला भोक आहे का, ते बुजलं तर नाही ना, ते तारेने कोचून बघ. सिमेंटच्या कित्येक वृंदावनांना ते नसतंच, आणि पाणी आतच तुंबतं. वरची माती हलक्या हाताने उकर, म्हणजे हवा लागेल. हळदकुंकू मातीत न टाकता वृंदावनाच्या भिंतीला लाव, दुधाचं पाणी मुळाशी ओतू नको, निरांजन पानांपासून दूर ठेव. तुळशीला मंजिऱ्या भरपूर आल्या असतील तर खुडून टाक. बी धरण्यात झाडाची शक्ती जाते.

पानं सगळी गळाली तरी लगेच उपटू नको. खोडावर नखाने जरासं खरवडून बघ. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे, वाळके शेंडे तेवढे काढ आणि वाट बघ. आत तपकिरी, कोरडंच निघालं तर मात्र ती गेली असं समज. वाळल्या मंजिऱ्यांतलं बी आजच चोळून काढ, एखाद्या पसरट भांड्यातल्या भुसभुशीत मातीत वरच्यावर पेर, सावलीत ठेव. आठवड्या-दोन आठवड्यांत रोपं उगवतील. तुळस काही वडापिंपळासारखी शंभर वर्षांची नव्हे. दोन-तीन वर्षांत ती जून होतेच, म्हणून जाणत्या घरात एका तुळशीबरोबर दोन रोपं नेहमी वाढत ठेवलेली असतात.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांच्या श्रद्धेला मी धक्का लावणार नाही. तुळशीत त्यांचाही जीव अडकलाय, म्हणून त्या बोलतात. पण दारची तुळस वैशाखात वाळते ती उन्हाने, नाहीतर पाण्याने. कोणाच्या पायगुणाने नव्हे, आणि सुनेच्या दोषाने तर नव्हेच. उगाच वाद घालू नको. आज दुपारी मान टाकलेली तुळस सासूबाईंना दाखव, आणि पाणी न घालता संध्याकाळी दिवा लावताना त्यांनाच बरोबर घेऊन जा. तुळस सावरलेली दिसली तर दोघींनाही बरं वाटेल. नाही सावरली, तर बी दोघींनी मिळून पेरा.

काय झालं ते मला जरूर कळव.

पुढच्या खेपेला : मृगाआधी कुंड्यांची माती कशी तयार करावी.